मास्तरांचा नऊ आणि वहिनींचा ठोकळा

"या रविवारी दहाच्या ठोक्याला मास्तरांकडून नऊ घेतला नाही, तर नाव बदलीन!"

ही घोषणा व्होल्टरावांनी गुरुवारी तीनदा केली. एकदा दाढी करताना आरशासमोर, एकदा बायकोसमोर आणि एकदा जिन्यात भेटलेल्या दातांच्या डॉक्टरांसमोर. आरसा गप्प बसला. डॉक्टर "वा वा, शुभेच्छा!" म्हणत दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले, कारण व्होल्टरावांनी जिन्यात गाठलं की माणूस तासभर सुटत नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. बायको म्हणाली, "जे काय कराल ते चष्मा लावून करा."

तसं नाव बदलूनही काही फरक पडला नसता. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि ती पाटी कोणी वाचत नव्हतं. बिनतारी यंत्रांचा हा हौशी माणूस नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हापासून सगळ्यांचा व्होल्टरावच होता. बायकोला सगळे वहिनी म्हणत. आपणही तेच म्हणू.

आता हा नऊ काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. व्होल्टरावांकडे जुना, व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्यांचा ट्रान्समीटर होता. कपाटाएवढा! दर रविवारी दहा वाजता ते त्यावर डोंगरापलीकडच्या गावातल्या आपल्या मास्तरांशी बोलत. बोलत म्हणजे तोंडानं नव्हे. लांब-आखूड, लांब-आखूड असं बटण दाबून, इंग्रजी अक्षरांत आपली भाषा. ही विद्या मास्तरांनीच शिकवलेली. या मंडळींत अशी रीत आहे, की गप्पा सुरू होण्याआधी समोरच्याला तीन आकडे द्यायचे. तू किती स्पष्ट ऐकू येतोस, किती जोरात, आणि तुझा स्वर किती शुद्ध आहे. स्वराला जास्तीत जास्त नऊ.

स्वर शुद्ध येणं सगळं वीजपुरवठ्यावर असतं. भिंतीतली वीज हेलकावे खात येते. तिचे हेलकावे पुरवठ्याच्या पेटीनं गाळून काढायचे असतात. नीट गाळले तर बासरी वाजते. गाळले नाहीत तर बासरीच्या मागे कोणीतरी घोरतंय असं वाटतं!

व्होल्टरावांच्या मागे गेली बत्तीस वर्षं कोणीतरी घोरत होतं. मास्तर दर रविवारी शांतपणे सात द्यायचे. दोन लांब, तीन आखूड. आणि पुढे दोनच शब्द: "चोक घाल."

चोक म्हणजे लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वजनाला साडेतीन किलो, पण विजेचे हेलकावे गाळायला एक नंबर. मास्तरांचा पुरवठा म्हणजे दोन कपॅसिटर, वीज साठवणारे डबे, आणि मधे एक चोक. झालं! पण व्होल्टरावांनी ऐन तारुण्यात स्वतःची वेगळी रचना काढली होती, बिनचोकची. "नुसते कपॅसिटर जोडत जायचं! हलकं, सुटसुटीत, आधुनिक!" मास्तर म्हणाले होते, "घरघर येईल." घरघर आली. मग व्होल्टरावांनी आधी वीजमंडळाला दोष दिला, मग हवेला, मग इमारतीच्या लोखंडी गजांना आणि शेवटी मास्तरांच्या कानांना. नाचता येईना, अंगण वाकडं! पण माघार घेतली नाही.

इतकंच काय, त्यांच्या लग्नात मास्तरांनी चंदेरी कागदात गुंडाळून एक जड भेट दिली होती. नव्या नवरीनं मोठ्या आशेनं कागद सोडला. आत काळाकुट्ट चोक! व्होल्टरावांना तो सगळ्या पाहुण्यांदेखत मारलेला टोमणा वाटला. त्यांनी तो रागारागानं पलंगाखाली ढकलला आणि पुढे तो कुठे गेला हे कधी विचारलं नाही.

मग आत्ताच ही घाई कशाला? कारण मास्तर आता पंच्याऐंशीचे. ते सोमवारी मुलाकडे राहायला जाणार होते. मुलाचं घर अठराव्या मजल्यावर, तिथे खिळा ठोकायची परवानगी नाही, मग एरियल कुठली! म्हणजे हा रविवार शेवटचा. बत्तीस वर्षांत एकदा तरी मास्तरांनी नऊ म्हणावं, आणि तेही बिनचोकच्या रचनेला, एवढीच व्होल्टरावांची इच्छा होती. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर दुसरी कुठली इच्छा त्यांच्याकडे उरलीही नव्हती.

शुक्रवारी ते भंगारबाजारातून आठ जुने, मोठाले कपॅसिटर घेऊन आले. "दोनऐवजी आठ! घरघर गाळून गाळून तिचा अर्क निघेल!"

घरात पुढची खोली एकच, आणि तिचे दोन भाग. खिडकीकडचा अर्धा भाग व्होल्टरावांचा, तिथे यंत्र आणि पलंग. दाराकडच्या अर्ध्या भागात वहिनींचं शिलाई मशीन, इस्त्री आणि कापड कापायचं लांब टेबल. कापड सरकू नये म्हणून त्यावर ठेवायला त्यांचा एक ठोकळा होता. जड, चौकोनी, आणि त्याला फुलाफुलांच्या कापडाचा शिवून टाकलेला अभ्रा. त्या आठवड्यात वहिनींनी खालच्या डॉक्टरांसाठी सहा पांढरे कोट शिवले होते. शनिवारी कडक इस्त्री करून ते दोरीवर ओळीनं लटकवले. डॉक्टर रविवारी सकाळी न्यायला येणार होते.

"अगं, हे कोट इथून हलव. माझं नाजूक काम चाललंय."

"तुमचं नाजूक काम हलवा. कोट तयार आहेत."

कोटही हलले नाहीत आणि कामही हललं नाही.

कपॅसिटर जोडताना एक भानगड असते. त्याला अधिक आणि उणे अशी दोन टोकं असतात आणि ती उलटी लागली तर तो रुसत नाही, फुटतो. व्होल्टराव कसले सावध! त्यांनी वहिनींच्या डब्यातून दोरे घेतले. अधिक टोकाला लाल बांधला, उण्याला तपकिरी. फक्त चष्मा लावला नाही. चष्मा लावणं म्हणजे वय झालं हे कबूल करणं, आणि कबूल करण्याची या घराण्यात पद्धत नव्हती. बिनचष्म्याच्या डोळ्यांना लाल आणि तपकिरी सख्खे भाऊ दिसतात.

रविवारी साडेनऊला सगळं सज्ज झालं. जुनी यंत्रं एकदम चालू करायची नसतात, म्हणून व्होल्टरावांनी वाटेत शंभराचा एक बल्ब जोडला होता. बल्ब मंद लागला तर सगळं ठीक. झगझगीत लागला, तर आत कुठेतरी पाणी मुरतंय.

बटण दाबलं. बल्ब असा झगझगला की वहिनींनी कपाळावर आडवा हात धरला.

"अहो, हा जास्त लागला तर वाईट ना?"

"इतर वेळी. आज कपॅसिटर जुने आहेत, तहानलेले आहेत. पिऊ दे त्यांना!"

दोन मिनिटं झाली, तरी त्यांची तहान भागेना. घड्याळात नऊ पस्तीस. शेवटी व्होल्टरावांनी ते केलं, जे फक्त चाळीस वर्षांचा अनुभवी माणूसच करू शकतो. नवशिक्या भीतीनं थांबला असता. त्यांनी तो बल्बच काढून टाकला आणि वीज सरळ आत सोडली!

फाट्ट!

मग फट्, फट्, फाट्ट! एकाच्या धक्क्यानं दुसरा, दुसऱ्याच्या धक्क्यानं तिसरा, असे सहा कपॅसिटर फुटले. खोलीत पांढरा धूर कोंडला. वरून कागदाचे कपटे आणि चांदीच्या वर्खासारखे तुकडे भुरभुरत खाली आले. सडक्या मासळीसारखा वास सुटला. आणि सगळ्या इमारतीची वीज गेली.

धूर विरला तेव्हा व्होल्टराव पलंगाखाली होते. वहिनी होत्या तिथेच उभ्या होत्या, हातात कात्री.

"पिऊन झालं का त्यांचं?" त्यांनी विचारलं.

एवढ्यात जिना धडधडला आणि दातांचे डॉक्टर आत आले. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात गुलाबी लगदा लागलेला चमचा.

"व्होल्टराव! काय केलंत? माझ्या पेशंटच्या तोंडात कवळीचा साचा आहे! दोन मिनिटांत काढायचा असतो, दोन मिनिटांत! तिथे मला मिट्ट काळोखात माणूस दिसेना, त्याचं तोंड कुठून दिसणार?"

"मग बॅटरी घेऊन त्याच्याकडे जायचं ना! वर कशाला आलात?"

डॉक्टरांनी हातातल्या बॅटरीकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. ते वळले आणि वळता वळता बॅटरीचा झोत दोरीवरून फिरला. सहा कोट चंदेरी कपट्यांनी लखलखत होते. जत्रेतले जादूगार घालतात ना, तसे!

"हे... हे माझे कोट?"

"झटकले की जाईल," व्होल्टराव पलंगाखालून म्हणाले.

डॉक्टरांनी जवळ जाऊन वास घेतला. "मी लोकांच्या तोंडाचा वास घालवतो हो! आणि हा कोट घालून?"

"तुम्ही आधी त्या माणसाचं तोंड सोडवा," वहिनी म्हणाल्या. "कोटांचं मी बघते."

डॉक्टर धावले. व्होल्टराव मागोमाग उतरले आणि तळमजल्यावर जाऊन फ्यूजची तार बदलली. दिवे आले. दवाखान्याच्या दारातून आत पाहिलं, तर एक जाडजूड गृहस्थ खुर्चीत बसून होते. डॉक्टरांनी खुर्चीला पाय लावून साचा ओढला, तसा तो 'पॉक्' करून सुटला. व्होल्टरावांनी हसून नमस्कार केला. गृहस्थांनी जे उत्तर दिलं, ते बिनदाताचं होतं म्हणून बरं.

वर येऊन पाहतात तो आठातले दोनच कपॅसिटर जिवंत. चष्मा लावून पाहिलं, कारण आता लपवायचं उरलं काय? त्या दोघांचेच दोरे बरोबर लागले होते. नऊ पंचेचाळीस झाले होते. नुसत्या दोन कपॅसिटरवर आवाज जाईल, पण घरघर अशी येईल की सात कुठला, मास्तर तीन देतील. शेवटच्या दिवशी तीन!

व्होल्टराव स्टुलावर बसले. खांद्यावरचा कपटासुद्धा त्यांनी झटकला नाही.

"संपलं," ते म्हणाले. "अगं, उद्या मास्तर जाणार. परत कधी ऐकू येणार नाहीत. आणि जाताना त्यांच्या कानात माझी काय आठवण राहणार? घरघर! बत्तीस वर्षं घरघर!"

 वहिनींनी हातातला कोट खाली ठेवला.

"मग चोक घाला ना," त्या म्हणाल्या.

"चोक! आता पंधरा मिनिटांत चोक आणू कुठून? दुकानात मिळत नाही. लग्नातला होता तो, तो मीच कुठे..."

वहिनींनी टेबलावरचा फुलाफुलांचा ठोकळा जवळ ओढला. कात्रीच्या टोकानं अभ्र्याची शिवण टराटरा उसवली. आत काळाकुट्ट, तेल पुसून लख्ख ठेवलेला मास्तरांचा चोक!

काखेत कळसा आणि गावाला वळसा! व्होल्टरावांचं तोंड खालच्या गृहस्थांसारखं उघडं राहिलं.

"हा इथे होता?"

"बत्तीस वर्षं. कापड दाबायला याच्यासारखं वजन नाही. अभ्रेच चार बदलले मी. तुम्ही कधी या टेबलाकडे बघितलंत?"

व्होल्टरावांनी घड्याळाकडे पाहिलं. वेळ नव्हता. दांड्याला रबर लावलेल्या स्क्रूड्रायव्हरनं उरलेल्या कपॅसिटरमधली वीज काढून टाकली आणि कामाला लागले. वहिनींनी बॅटरी धरली आणि दर जोडाला "हा लाल, हा तपकिरी" असं मोठ्यानं सांगितलं. दोन कपॅसिटर, मधे एक चोक. बरोबर मास्तरांची रचना! या वेळी बल्ब मंद लागला, शहाण्यासारखा. मग तो काढून वीज सरळ जोडली. व्हॉल्व्ह तापले, केशरी झाले. दहाला एक मिनिट असताना स्पीकरमधून मास्तरांची हाक आली, जुनी, सावकाश, ओळखीची.

व्होल्टरावांनी उत्तर दिलं.  मग आकडे आले. स्पष्टता पाच. जोर नऊ. आणि स्वर... लांब. लांब. लांब. लांब. आखूड.

नऊ!

व्होल्टरावांनी स्टुलावर बसल्या बसल्या उडी मारली. बसून उडी मारता येते, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं. डोळे पुसेपर्यंत मास्तरांचा प्रश्न आला: "चोक घातलास?"

आता मंडळी, इथे कोणीही साधा माणूस 'हो' म्हणाला असता. दोन अक्षरांचं काम! पण व्होल्टरावांच्या बोटांना बत्तीस वर्षांची सवय. त्यांनी खणखणीत, शुद्ध, नवाच्या स्वरात पाठवलं: "नाही. माझी नवीन रचना. बिनचोक."

"खोटं कशाला बोलता त्यांच्याशी? जातायत ना ते!" मागून वहिनी म्हणाल्या.

व्होल्टरावांचं बोट हवेतच राहिलं. ते तोंडानं एक अक्षरही बोलले नव्हते.

"तुला... हे कळतं?"

"रविवारी दहा ते सव्वादहा मशीन बंद ठेवायचं, त्याच्या आवाजानं तुमची खरखर वाढते, हा हुकूम कोणाचा? मग त्या पंधरा मिनिटांत मी करायचं काय? समोर भिंतीवर टिंबं-रेघांचा तक्ता तुम्हीच चिकटवलेला. पहिल्या दोन वर्षांत सगळं पाठ झालं."

 व्होल्टरावांच्या डोळ्यांसमोरून रविवारांमागून रविवार जाऊ लागले. 'तिचं मशीन म्हणजे फुटका ट्रॅक्टर.' 'तिनं शिवलेला सदरा काखेत काचतो, पण बोलायची सोय नाही.' 'सासूबाई आल्या आहेत, त्यामुळे आज सिग्नल कमजोर.' सासूबाई तर त्या वर्षी तीन महिने होत्या!

"सरका जरा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, याला लायसन लागतं!"

"लायसनवाले बसलेत ना शेजारी."

आणि वहिनींनी बटणावर बोट ठेवलं. सावकाश, एकेक अक्षर टाक्यासारखं सारख्या अंतरावर घालत त्यांनी पाठवलं: "घातला. तुम्हीच दिलेला. माझ्या टेबलावर होता. वहिनी."

 मग मास्तरांनी विचारलं, "किती वर्षं ऐकताय?"

"सगळी."

 मास्तरही आपल्या घरच्यांबद्दल काही कमी बोललेले नव्हते. मग आलं: "माझ्या घरी सांगू नका. नऊ चोकला. याच्या हाताला सात. तुमच्या हाताला नऊ." आणि थोडं थांबून: "सेट आज बांधून ठेवतोय. सांभाळून राहा दोघं."

शेवटची टिंबं वाजली आणि स्पीकरमध्ये नुसतं वारं राहिलं. व्होल्टरावांनी बटणावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. वहिनींनीही काढला नाही. वहिनींचा हात त्यांच्या हातावर होता.

"तू कधी काही बोलली नाहीस," ते शेवटी हळूच म्हणाले.

"मी आजारी होते तेव्हा एका रविवारी तुम्ही त्यांना म्हणालात, ती आत झोपून आहे तर खोली रिकामी वाटते. त्या एकावर बाकीचे सगळे पोटात घातले." असं म्हणून त्या उठल्या. "बरं, तो काढा आता."

"काय?"

"ठोकळा. कोटांचा वास जायचा नाही. सहाच्या सहा नवे कापायचेत, डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत हवेत."

"अगं पण... नऊ! आत्ताच तर मिळाला!"

"कोणाला? चोकला ना?"

 बत्तीस वर्षांनी आलेला नऊ एकंदर अकरा मिनिटं टिकला. व्होल्टरावांनी मुकाट्यानं जोड सोडवले, चोक काढला आणि टेबलावर नेऊन ठेवला. वहिनींनी त्याला नवा अभ्रा घातला. दुपारभर व्होल्टराव कापडाचं दुसरं टोक धरून उभे होते. चार वाजता त्यांना बटणं लावायला बसवलं. त्यातही त्यांनी म्हणे स्वतःची एक पद्धत काढली, कमी टाक्यांची, सुटसुटीत.

पहिला कोट त्यांनी मोठ्या अभिमानानं पुढे केला. वहिनींनी बटण ओढून पाहिलं. तोंडानं काही बोलल्या नाहीत. फक्त मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवला आणि मशीन वाजलं.

घर्रर्रर्र. घर्रर्रर्र. टक्. टक्. टक्.

दोन लांब, तीन आखूड. सात! व्होल्टरावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि बटण उसवायला घेतलं.